कुकरची शिट्टी नारिंगी, तार सा पिवळसर

प्रश्न वाचकांचे : शरीर आणि मेंदू

गेल्या अंकात संगीत आणि मेंदू यांवरच्या एका उत्तरात मी सिनेस्थेशियाचा ओझरता उल्लेख केला होता. एका इंद्रियाला काही जाणवलं की दुसऱ्या इंद्रियाची जाणीवही आपोआप, न बोलावता सोबत येते, त्याला सिनेस्थेशिया म्हणतात. कुणाला आवाज ऐकला की रंग दिसतो, कुणाला अक्षरं रंगीत वाटतात, कुणाला शब्दांना चव लागते. त्या दोन ओळींवर इतकी पत्रं आली की या महिन्याची सगळी जागा त्यांनाच देते आहे.

प्रश्न : माझी मुलगी दहा वर्षांची आहे, गाणं शिकते. परवा क्लासमध्ये ती म्हणाली, "आज सा वेगळ्या रंगाचा आहे." बाई सगळ्यांसमोर रागावल्या, "लक्ष गाण्यात ठेव" म्हणाल्या. घरी विचारलं तर म्हणते, मंद्र (खालच्या सप्तकातला) सा तपकिरी, मधला सा विटकरी, तार (वरच्या सप्तकातला) सा पिवळसर पांढरा. आणि कुकरची शिट्टी म्हणजे वर जाणारी नारिंगी रेघ. सगळ्यांनाच असं दिसतं अशी तिची समजूत होती. शेजारी म्हणतात, डोक्याचा एमआरआय करून घ्या. खूप काळजी वाटते. — एक आई, चिपळूण

एमआरआय करू नका, गरज नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरून मुलगी ठणठणीत आहे, आणि ती खरं बोलते आहे. हे दुसरं मी मुद्दाम लिहिते, कारण अशा मुलांच्या वाट्याला सगळ्यात आधी येतो तो अविश्वास.

सिनेस्थेशिया हा आजार नाही. वैद्यकात त्याची पहिली नोंद १८१२ सालची आहे : गेओर्ग सॅक्स नावाच्या जर्मन डॉक्टरने आपल्या प्रबंधात स्वतःला सूर, अंक, वार रंगीत कसे भासतात ते लिहून ठेवलं. ब्रिटनमध्ये ज्युलिया सिम्नर आणि सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सगळे प्रकार धरून साधारण ४.४ टक्के लोकांमध्ये तो आढळला. पन्नास मुलांच्या वर्गात दोघं, असं धरा. मुलींमध्ये जास्त असतो हा जुना समजही त्या पाहणीत टिकला नाही. आवाजाचा रंग दिसणारे मात्र या सगळ्यांत थोडे.

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे की, सगळ्यांनाच असं दिसतं अशी तिची समजूत होती. मुलं कल्पना रचतात तेव्हा ती आपल्याला येऊन सांगतात, त्यात भर घालतात, ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघतात. हिने कुणाला सांगितलंच नव्हतं, कारण सांगण्यासारखं काही आहे हेच तिला माहीत नव्हतं.

तरी खात्री करून घ्यावीशी वाटेल, तर घरीच करता येईल. रंगाच्या दुकानातून भिंतीच्या रंगांचं शेडकार्ड आणा. त्यात शेकडो छटा असतात आणि प्रत्येकीला नंबर असतो. नुसतं "निळा" म्हटलं की काहीच कळत नाही. आकाशी की शाईचा, हे बोट ठेवूनच सांगावं लागतं. पेटीवर एकेक स्वर वाजवा, पण सारेगमच्या क्रमाने नको, कारण क्रम पाठ होतो. उलटसुलट वाजवा, तिला छटेवर बोट ठेवू द्या, तुम्ही नंबर लिहा. मध्ये कुकरची शिट्टी, दाराची कडी, रिक्षाचा हॉर्न असे आवाजही घ्या. "नक्की ना?" असं विचारू नका, चेहऱ्यावर काही दाखवू नका. यादी पाकिटात घालून कपाटात ठेवा, आणि तीन-चार महिन्यांनी तिला न सांगता पुन्हा हेच करा. तिच्या वयाचं दुसरं मूल घरात असेल तर त्यालाही घ्या. त्याला म्हणा, रंग दिसत नसला तरी मनाला येईल तो निवड.

ही पद्धत संशोधकांचीच आहे. सायमन बॅरन-कोहेन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये शब्द ऐकून रंग दिसणाऱ्यांना वर्षभराने पुन्हा विचारलं, तर ९२ टक्के उत्तरं तीच आली. इतरांना आठवड्यानेच विचारलं, पुन्हा विचारणार असल्याची कल्पनाही दिली होती, तरी त्यांची ३७ टक्केच जुळली. तुमच्या मुलीचे सगळेच रंग जुळले नाहीत तर मात्र लगेच शंका घेऊ नका. अक्षरं रंगीत दिसणाऱ्या मुलांवर सिम्नर यांनी वर्षानुवर्षं काम केलंय. सहा-सात वर्षांची असताना त्यांचे इंग्रजीतल्या ३६ अक्षर-अंकांपैकी दहा-अकराच पक्क्या रंगाचे होते, दहा-अकराव्या वर्षी पंचवीसच्या आसपास. रंग हळूहळू बसत जातात.

आता तिच्या त्या वाक्याकडे येते. "आज सा वेगळ्या रंगाचा आहे." त्या दिवशी बाईंनी पट्टी, म्हणजे सा धरायची उंची, बदलली होती का, हे जरूर विचारा! आपल्याकडे सा कुठेही धरता येतो. समजा रोज काळी चारचा (पेटीच्या सप्तकातल्या चौथ्या काळ्या कळीचा) सा असतो आणि त्या दिवशी पांढरी चारने सुरुवात झाली, तर तो सा दीड स्वर खाली आला. रंग बदलला असेल तर तिचा रंग आवाजाच्या उंचीला चिकटलेला आहे. हे नीट तपासायचं तर काळी चारचीच कळ दोनदा वाजवा : एकदा काळी चारला सा मानून, आणि एकदा पांढरी चारला सा मानून, म्हणजे तीच कळ कोमल गंधार होते. तंबोऱ्याचं ॲप दोन्ही वेळा त्या-त्या सा-वर लावून ठेवा, म्हणजे कानात सा पक्का राहील. कळ तीच, आवाज तोच, नातं वेगळं. दोन्ही वेळा रंग तोच आला तर तिचा मेंदू उंची रंगवतो आहे. बदलला तर तो अर्थ रंगवतो आहे. अक्षरांच्या बाबतीत अर्थ रंगवणारे खूप सापडतात : एकच वळणदार आकडी इंग्रजी अंकांमध्ये ठेवली की 5 म्हणून एका रंगाची दिसते, इंग्रजी अक्षरांमध्ये ठेवली की एस म्हणून दुसऱ्या. तुमच्या घरातल्या पेटीवर काय होतं ते मला जरूर कळवा.

डॉक्टरांकडे केव्हा जायचं तेही सांगते. लहानपणापासून नसलेलं हे मोठेपणी अचानक सुरू झालं, त्यासोबत डोकं दुखतं, नजर अंधुक होते, अर्ध्या बाजूलाच प्रकाश चमकतो, शुद्ध हरपते, किंवा डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झालं, तर न्यूरोलॉजिस्टना दाखवा. तुमच्या मुलीत यातलं काही नाही.

आणि बाईंना भेटा. त्यांच्यावर रागावू नका, पण हे पान त्यांना वाचायला द्या. सूर चुकला की रंग चुकतो हे ज्या मुलीला दिसतं, तिचं लक्ष गाण्यातच आहे. फ्रेंच संगीतकार ऑलिव्हिए मेसियाँ (१९०८–१९९२) आपल्या स्वरसमूहांचे रंग आयुष्यभर बारकाईने लिहून ठेवत आले.

प्रश्न : मी बारावी सायन्सला आहे. एका व्हिडिओत सांगितलं की या लोकांच्या मेंदूत डोळ्याची आणि कानाची वायर चुकून एकमेकांना जोडली गेलेली असते. हे खरं आहे का? मेंदूत नक्की काय होतं? — एक विद्यार्थी, नांदेड

"चुकून" हा शब्द तेवढा काढून टाक. डोळा आणि कान तुझ्या-माझ्या मेंदूतही जोडलेलेच आहेत.

मी मेडिकल कॉलेजात फिजिऑलॉजी शिकवत असे. पहिल्या वर्षाच्या मुलांना हा धडा सांगण्याआधी मी पडद्यावर एक चेहरा दाखवायचे. ओठ "ग, ग, ग" असे हलतात. स्पीकरमधून आवाज मात्र "ब, ब, ब" असा येतो. काय ऐकू येतं विचारलं की वर्गातली बहुतेक मुलं म्हणायची, "द". मग डोळे मिटायला सांगायचे, की लगेच "ब". डोळे उघडले की पुन्हा "द". आवाजात काडीचाही फरक नाही, हे माहीत असूनही कान ऐकत नाही. १९७६ मध्ये हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनल्ड यांनी हे दाखवून दिलं. कान ऐकतो त्यात डोळ्याचा हात असतो, तो असा.

ही जुळणी कुठे होते? पेशींच्या पातळीवर पाहिलं तर मध्यमेंदूत सुपीरियर कॉलिक्युलस नावाचा छोटा उंचवटा आहे. मागून भांडं पडलं की विचार करण्याआधी मान वळते, त्यात त्याचा वाटा असतो. तिथल्या कित्येक चेतापेशी प्रकाशालाही प्रतिसाद देतात आणि आवाजालाही. आणि दोन्ही एकाच जागेवरून, एकाच वेळी आले तर दोहोंच्या बेरजेपेक्षाही जोरात देतात. वर कॉर्टेक्समध्ये, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरात, कानाच्या वरच्या बाजूला, टेम्पोरल लोब या भागातल्या एका लांब खाचेत ओठांची हालचाल आणि आवाज एकत्र येतात. माथ्याकडच्या पॅरायटल लोबचा खालचा भाग तर निरनिराळ्या इंद्रियांकडून आलेला माल एकत्र बांधण्याचंच काम करतो.

मग चिपळूणच्या त्या मुलीच्या मेंदूत वेगळं काय? यावर दोन विचार आहेत, आणि दोन्हींच्या बाजूने पुरावा आहे.

पहिला विचार जादा जोडणीचा. मेंदू घडताना चेतापेशी सुरुवातीला गरजेपेक्षा जास्त धागे टाकतात, मग नको असलेले छाटले जातात. ही छाटणी काही ठिकाणी कमी झाली तर शेजारची केंद्रं जोडलेलीच राहतात. चेन्नईत शिकलेले व्ही. एस. रामचंद्रन आणि एडवर्ड हबर्ड यांनी २००१ मध्ये अक्षर-रंगाच्या बाबतीत हे मांडलं, कारण अक्षर ओळखणारी जागा आणि रंग ओळखणारी व्ही-४ ही जागा मेंदूच्या तळाशी अगदी लगत आहेत. २००७ मध्ये रोमके राऊ आणि स्टीव्हन स्कोल्टे यांनी एमआरआयच्या एका खास तंत्राने अशा लोकांच्या त्या भागात खरोखरच जास्त जोडणी दाखवली.

दुसरा विचार असा की धागे सगळ्यांचे सारखेच असतात. वरच्या केंद्रांकडून खाली परत येणारा संदेश एरवी दाबून ठेवलेला असतो. या लोकांमध्ये तो दाब सैल असतो. एलएसडीसारख्या भास घडवणाऱ्या द्रव्याने एरवी कधी रंग न दिसलेल्या माणसालाही तात्पुरता आवाजाचा रंग दिसू लागतो, हा याचा पुरावा. काही तासांत नवे धागे उगवत नाहीत. दृष्टीच्या नसेला इजा झालेल्या काही रुग्णांना आवाज झाला की प्रकाशाचा झोत दिसल्याच्या नोंदीही आहेत.

आवाज आणि रंगाच्या जोडीचा मामला मला जास्त अवघड वाटतो, आणि म्हणूनच जास्त ओढ लावणारा. ऐकण्याचं कॉर्टेक्स आणि व्ही-४ शेजारी नाहीत. ज्युलिया नन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये शब्द ऐकून रंग दिसणाऱ्यांचे डोळे बांधून स्कॅन केलं, तर शब्द ऐकताना डाव्या बाजूचं व्ही-४ जागं झालेलं दिसलं. दहा वर्षांनी जर्मनीत नुसते सूर ऐकवून असाच प्रयोग झाला. त्यात व्ही-४ ऐवजी पॅरायटल लोबचा खालचा भाग, तोच बांधणीचा भाग, जास्त सक्रिय दिसला. माझा स्वतःचा कल सुरांच्या बाबतीत या बांधणीच्या, म्हणजे दुसऱ्या विचाराकडे आहे. पण जादा धाग्यांची बाजूही इथे लंगडी नाही : २०१८ मध्ये नेदरलँड्समधल्या माक्स प्लांक संस्थेच्या गटाने आवाजाचे रंग दिसणाऱ्या तीन कुटुंबांचे जीन तपासले. कुटुंबागणिक जीन वेगळे निघाले, पण त्यांतल्या बऱ्याच जीनचं काम एकच : मेंदू घडताना चेतापेशींचे धागे कुठे जायचे ते ठरवणं.

आता हे लक्षपूर्वक वाच. २००६ मध्ये जेमी वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी सुरांचे रंग दिसणाऱ्यांना आणि न दिसणाऱ्यांना तेच सूर ऐकवून रंग निवडायला लावले. दोन्ही गटांत खालच्या सुरांना गडद आणि वरच्या सुरांना फिकट रंग मिळाले. यंत्रातून काढलेल्या कोऱ्या सुरापेक्षा वाद्याच्या सुराला दोन्ही गटांनी जास्त भरदार रंग दिला. फरक होता तो नेमकेपणाचा, आणि रंग आपोआप येण्याचा : आवाजाचा रंग आणि समोरचा रंग जुळला नाही की समोरच्याचं नाव सांगायला पहिल्या गटाला जास्त वेळ लागायचा. चिपळूणच्या मुलीचा मंद्र सा तपकिरी आणि तार सा पिवळसर पांढरा आहे, तो याच नियमाने. ज्या वाटेने तुझा मेंदू तार सप्तकाला "उजळ" ठरवतो, त्याच वाटेने तिचा रंग येतो. तिला तो दिसतो, तुला दिसत नाही.

प्रश्न : मला रंग दिसत नाहीत, उलटंच होतं. मोबाईलवर आवाज बंद करून व्हिडिओ पाहताना कुणी उडी मारून खाली आलं की "धप्प" ऐकू येतं. लोकलमधून लांबचा दिवा लुकलुकताना दिसला तर प्रत्येक वेळी बारीक "टिक". वय ४६. हेही त्यातलंच का? — एक वाचक, डोंबिवली

त्यातलंच, किंवा त्याच्या अगदी जवळचं. अमेरिकेत कॅलटेक या विज्ञानसंस्थेत मेलिसा सेन्झ आणि क्रिस्टोफ कॉख यांनी २००८ मध्ये याचं पहिलं नीट वर्णन केलं. प्रयोगशाळा पाहायला आलेल्या विद्यार्थ्यांपैकी एकाने संगणकाच्या पडद्यावर हलणारे ठिपके पाहून विचारलं, "याचा आवाज कुणाला येतोय का?" आवाज नव्हताच. मग शोध घेतल्यावर असे आणखी सापडले. त्यांची चाचणी फार सुरेख होती. लांब-आखूड "बीप"ची एक लय ऐकवायची, मग दुसरी, आणि दोन्ही सारख्या का ते विचारायचं; यात सगळेच बऱ्यापैकी असतात. तेच दिव्याच्या उघडझापीने केलं की बहुतेकांचा गोंधळ उडतो, कारण लय पकडण्यात डोळा कच्चा आहे. ही मंडळी दिव्याच्या वेळीही चुकली नाहीत. त्यांना दिवा ऐकू येत होता.

२०१७ च्या सुमारास विजेचे मनोरे दोरीच्या उड्या मारताहेत असं एक मुकं चलचित्र मोबाईलवर खूप फिरलं, आणि मनोरा जमिनीवर टेकताना कितीतरी जणांना दणका ऐकू आला. लंडनच्या सिटी युनिव्हर्सिटीतल्या दोघा संशोधकांनी पुढच्या वर्षी प्रसिद्ध केलेल्या पाहणीत साधारण पाचांतल्या एकाला असं काही ना काही जाणवत होतं. म्हणजे तुमच्या लोकलच्या एका डब्यात असे बरेच असतील, फक्त कुणी बोलत नाही.

डोळे मिटल्यावरही कानात आवाज चालूच राहत असेल तर तो प्रकार निराळा. मग कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : आपल्या जुन्या संगीतशास्त्रात सात स्वरांचे सात रंग दिलेले आहेत. म्हणजे आपल्या पूर्वजांना सिनेस्थेशिया माहीत होता, असं म्हणता येईल ना? — निवृत्त संगीतशिक्षक, छत्रपती संभाजीनगर

तुमच्या शहराजवळच्या देवगिरीतच हे लिहिलं गेलं, त्यामुळे प्रश्न तुमच्याकडून आला याचा आनंद आहे. तेराव्या शतकात यादव राजा सिंघण याच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर'मध्ये षड्ज कमळाच्या रंगाचा, ऋषभ पिंगट, गंधार सोनेरी, मध्यम कुंदाच्या फुलासारखा पांढरा, पंचम काळा, धैवत पिवळा आणि निषाद चित्रविचित्र असं सांगितलं आहे. मला हा ग्रंथ फार प्रिय आहे. गाण्याच्या ग्रंथाची सुरुवात गर्भ कसा वाढतो, शरीरात काय काय असतं, इथून होते. फिजिऑलॉजी शिकवणाऱ्याला आणखी काय हवं?

पण तुमच्या प्रश्नाला मी "नाही" म्हणेन. शार्ङ्गदेव रंगाबरोबर प्रत्येक स्वराची देवता, ऋषी, छंद, द्वीप आणि कुळही सांगतो. ही विश्वाची मांडणी आहे, प्रत्येक गोष्टीला तिची जागा देणारी, आणि ती सगळ्यांसाठी एकच. सिनेस्थेशियात मात्र एकाचा गंधार सोनेरी तर दुसऱ्याचा शेवाळी, आणि दोघेही आपापल्या रंगावर ठाम. शिवाय यादीचा क्रम पाहा. स्वर चढतील तशी छटा उजळत जायला हवी होती. इथे पांढरा मध्यम, त्याच्या लगेच वर काळा पंचम. हा कानाने लावलेला क्रम दिसत नाही. न्यूटननेही आपल्या प्रकाशशास्त्रावरच्या १७०४ च्या ग्रंथात इंद्रधनुष्याचे सात रंग सप्तकाच्या प्रमाणात बसवले, ते रंग ऐकू आले म्हणून नव्हे. माणसाला रंग आणि सूर यांची जोडी लावावीशी वाटते, ही ओढ मात्र देवगिरीत आणि केंब्रिजमध्ये सारखीच होती, आणि तिचं मूळ वर सांगितलेल्या सर्वांच्या मेंदूतल्या जोडणीत असावं असं मला वाटतं.

तुमच्या इतक्या वर्षांच्या विद्यार्थ्यांमध्ये कुणी सुरांचे रंग सांगितले होते का, हे आठवून पाहा. सांगितले असतील तर कोणत्या स्वराचा कोणता, तेवढं लिहून पाठवा.

प्रश्न : सराव करून हे शिकता येतं का? मुलाची स्मरणशक्ती वाढेल असं एका क्लासवाल्यांनी सांगितलं. — एक पालक, पुणे

ससेक्स विद्यापीठात २०१४ मध्ये १४ प्रौढांना नऊ आठवडे रोज अक्षर-रंगांच्या जोड्यांचा सराव दिला. बऱ्याच जणांना अक्षरं रंगीत भासू लागली. तीन महिन्यांनी ते जवळजवळ विरून गेलं. अमेरिकेत एका कंपनीची रंगीत चुंबकी अक्षरं १९७१ पासून घरोघरी होती, आणि त्यानंतरच्या दशकात जन्मलेल्या, अक्षरं रंगीत दिसणाऱ्या लोकांपैकी १५ टक्क्यांहून अधिकांचे रंग त्या खेळण्याशी जुळले. म्हणजे कोणता रंग चिकटणार हे बाहेरून येऊ शकतं. पण ती अक्षरं लाखो मुलांनी हाताळली, आणि त्यांतल्या बहुतेकांना आज अक्षरं काळी-पांढरीच दिसतात. क्लासची फी भरू नका.